बारा खोल्यांचं भूमिपूजन

संडासाबद्दल लिहायचं म्हटलं की लोक नाकाला पदर लावतात. लावू देत. ज्यांच्या घरात आतून कडी घालून बसायची सोय असते त्यांना ह्या विषयाची लाज परवडते. आमच्या चाळीत माणसं एक झाली ती संडासापायी आणि फुटली तीही त्याच्याचपायी, तेव्हा मी दुसरं काय लिहू?

चाळ म्हणजे बारामतीच्या एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, जिथं कंपन्यांच्या भिंती संपतात आणि ऊस सुरू होतो, तिथं बांधलेल्या पत्र्याच्या बारा खोल्या. सहा इकडं, सहा तिकडं, मधून एक बैलगाडी जाईल एवढी वाट. नवरा गेल्यावर मी पोराला घेऊन निरवांगीहून इथं आले. दिराच्या घरात ओशाळं होऊन राहण्यापेक्षा भाड्याच्या पत्र्याखाली राहिलेलं बरं, असा माझा ताठा. एका कंपनीत पॅकिंगला लागले. पोरगं इथंच मोठं झालं, इथंच कंत्राटावर कामाला लागलं, आणि ह्याच खोलीतून त्याचं लगीन झालं. सून पणदऱ्याची. तिच्या माहेरी ऊस, गोठ्यात म्हशी, स्लॅबचं घर. पोराची नोकरी बघून त्यांनी पोरगी दिली. लग्न ठरवताना त्यांनी खोली बघितली होती, संडास बघितला नव्हता. तो बघायला कोण जातं?

बारा खोल्यांत मिळून दोन संडास होते, चाळीच्या टोकाला. दाराचा पत्रा खालून सडलेला आणि कडी तुटलेली, त्यामुळं आत बसलेल्यानं एका हातानं दार धरून ठेवायचं. पावसाळ्यात टाकी भरली की घाण वर यायची, मग मधे विटा टाकून त्यांच्यावरून जायचं. कंपनीची गाडी चुकू नये म्हणून बाया अंधारातच नंबर लावायच्या. आम्हाला त्याची सवय झाली होती, आणि सवय झाली हेच वाईट झालं.

सुनेला दिवस गेले तेव्हा मला आनंद झाला, नाही असं नाही. पण पोट वाढलेली बाई त्या विटांवरून कशी जाणार, ह्या विचारानं माझी झोप उडाली. पावसाळ्यात विहीणबाई लेकीला बघायला आल्या. दुपारी त्यांना संडासला जायची वेळ आली. परत येऊन त्यांनी दोनदा पाय धुतले. मग चहाचा कप हातात घेऊन म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण आमच्याकडंच हाय, न्यायला येऊच आमी. पर बाळ घिऊन तिनं हितं परत कसं यायचं, त्येचा इचार तुमी करा. आमच्या गोठ्याला सुदिक दार हाय."

त्यांचं खरं होतं म्हणूनच मला झोंबलं. मी म्हणाले, "विहीणबाई, बाळंतीण घरी यायच्या आत हितं पक्का संडास झालेला असंल. माझा शबुद हाय." बोलून गेले. शब्द द्यायला काय लागतं, नुसती जीभ लागते. विहीणबाईंनी मान डोलावली आणि चहा संपवला.

आमच्या मालकांना सगळे तात्या म्हणायचे. ऊसवाले, साठीच्या पुढचे, बोलायला अगदी गूळ. कधी कुणावर आवाज चढवला नाही. तक्रार घेऊन बंगल्यावर गेलं की ओट्यावर बसवायचे, चहा द्यायचे आणि निघताना हातात काहीतरी ठेवायचे. कुणाला काकवीची बाटली, कुणाला पिशवीभर लिंबं, कुणाच्या खोलीवर नवा पत्रा. आणि हळूच म्हणायचे, "तुमचं येगळं हाय. बाकीच्यास्नी बोलू नगा." माणूस काकवी घेऊन परत यायचा आणि वर्षभर तोंड उघडायचा नाही.

हे उघडं पडलं ते आबांच्या खोलीत. आबा पहिल्या खोलीत एकटेच राहायचे. सारी नोकरी त्यांनी वालचंदनगरला काढली होती, कंपनीच्या क्वार्टरमध्ये. रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं आणि लेकाकडं काही जमलं नाही, म्हणून इथं आले. आमच्या कॉलनीत अशी झाडं, आमच्या कॉलनीत असे नळ, हे त्यांचं रोजचं पालुपद. आम्ही मागून हसायचो. पण माणसं जमवून बैठक कशी घ्यायची हे चाळीत त्यांनाच ठाऊक होतं. मी त्यांच्याकडं रडगाणं घेऊन गेले, तर त्यांनी सुट्टीच्या दिवशी घरटी एक माणूस बोलावलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, तात्यांशी ह्याआधी कोण कोण बोललंय?

एक बाई म्हणाली, "मी बोलले, पर तात्या म्हनले आमचं येगळं हाय." पलीकडच्या खोलीतला उठून म्हणाला, "आगं, येगळं तर आमचं हाय." मग तिसरा, मग चौथी. खोलीत हशा पिकला. माझंही वेगळं होतं, दोन वेळा काकवी खाल्ली होती मी त्यांची. हसता हसता एकेकाचं तोंड उतरत गेलं, कारण इतकी वर्षं आपल्याला कसं खेळवलं हे तिथं बसल्या बसल्या कळत होतं.

त्या दिवशी आम्ही ठरवलं की इथून पुढं तात्यांकडं एकट्यानं जायचं नाही, आणि त्यांच्या हातून एकट्यानं काही घ्यायचं नाही. गेलो तर बारा खोल्या मिळून जायचं. आबांनी ताटलीत बेलाची पानं आणि जेजुरीचा भंडारा ठेवला. आमच्याकडं बेलभंडारा उचलला की तो शब्द खंडोबाला दिलेला असतो, त्याच्यापुढं वकील नाही आणि कोर्ट नाही. सगळ्यांनी उचलला. माझ्या हाताला पिवळा रंग लागला तो मी संध्याकाळपर्यंत धुतला नाही, इतकं मला बरं वाटत होतं.

आणि मग गेलो ते असे गेलो की तात्या जन्मात विसरायचे नाहीत. डेअरीला दूध घालायची जागा त्यांच्याच आवारात होती, सकाळी तिथं किटल्या घेऊन अर्धं गाव जमायचं. ऐन त्या वेळी आम्ही बाया हातात टमरेलं घेऊन त्यांच्या दारात रांगेनं उभ्या राहिलो. गडीमाणसं मागं रस्त्यावर. सगळ्यात पुढं मी आणि माझ्यामागं सून, एक हात पोटावर ठेवून. तात्या टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले.

"काय ओ ह्ये?"

"काय न्हाय तात्या," मी म्हणाले. "आमच्या संडासला दार न्हाय, तुमच्याला हाय. नंबर लावलाय."

दूधवाले किटल्या खाली ठेवून बघायला लागले. तात्यांच्या घरातून कुणीतरी खिडकी लावून घेतली. तात्यांचा चेहरा असा झाला की मला क्षणभर त्यांची कीव आली. ते म्हणाले, "बायांनो, चारचौघांत इज्जत काढू नगा. नवं बांधून देतो. दसऱ्याला नारळ फोडू."

परत येताना आम्ही पोट धरून हसत होतो. सून माझ्या कानाला लागून म्हणाली, "आत्या, मला खरंच लागली हुती ओ." आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते. इतकी हसलेली ती मला त्याआधी आणि त्यानंतरही दिसली नाही.

इथवर आमचं सगळं बरोबर होतं. पुढं आम्ही जे केलं ते आमच्याच भागातली माणसं करू जाणे. आमच्याकडं कामापेक्षा नारळाला मान जास्त. रस्ता असो, बंधारा असो, समाजमंदिर असो, नारळ फुटला आणि फोटो निघाला की लोकांच्या मनात ते काम झालेलंच असतं. दसऱ्याच्या सकाळी आम्ही सडा घातला, रांगोळी काढली, तात्यांच्या फोटोचा फ्लेक्स लावला. त्याच्यावर त्यांना चाळीचे आधारस्तंभ केलं. त्यांनी मागितलं होतं का? मुळीच नाही, आम्हालाच ती हौस. आबांनी शाल घालून त्यांचा सत्कार केला आणि भाषण केलं. सुनेनं त्यांना ओवाळलं. तात्यांनी कुदळ मारली, नारळ फोडला आणि म्हणाले, "टाकी हीच मोठी करायची. तवा आधी जुनं पाडावं लागंल. दिवाळी झाली की गवंडी लावतो."

कुणीतरी म्हणालं, मुहूर्ताची कुदळ पडली, आता थांबू नये, आजच पाडून टाकू. झालं. गड्यांनी शर्ट काढले, बायांनी पदर खोचले. कुणी विटा काढतंय, कुणी पाट्या उचलतंय, मधेच पेढे फिरतायत. त्या सडक्या दाराचा पत्रा खाली पडला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुपारपर्यंत दोन्ही संडास भुईसपाट झाले आणि टाकीवर माती लोटून झाली. उद्या सकाळी जायचं कुठं, हे बारा खोल्यांतल्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही. आबांच्या आलं नाही आणि माझ्याही नाही. संध्याकाळी आम्ही एकमेकांना आपट्याची पानं देत हिंडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उसात गेलो. तात्यांचा ऊस चाळीला लागूनच होता, दोन माणसं उंच. आबांनी बायांना एक बाजू आणि गड्यांना दुसरी बाजू ठरवून दिली. महिनाभराची तर गोष्ट, असं एकमेकांना म्हणत होतो. मी सुनेचा हात धरून काठी आपटत पुढं चालायची. उसात बिबट्या दिसल्याच्या बातम्या रोज कुणी ना कुणी आणायचं. मला बिबट्याची भीती नव्हती वाटत, सरीत तिचा पाय अडकायची वाटायची.

दिवाळी झाली. गवंडी खरंच आला, त्यानं दोरी लावली, पांढरी फक्की मारून पाया आखला. तेवढ्यात तात्यांचे धाकटे भाऊ ट्रॅक्टर घेऊन आले आणि त्या फक्कीवर ट्रॅक्टर उभा करून खाली उतरले. कुणाशी भांडले नाहीत. गवंड्याला म्हणाले, "ह्यो कोपरा माज्या वाट्याचा हाय. वाटनी झाल्याबिगर हितं एक वीट लागायची न्हाय. साहित्य उचल." गवंड्यानं दोरी गुंडाळली. भावकीच्या भांडणात कुठला गवंडी हात घालतो?

आम्ही बारा खोल्या मिळून तात्यांकडं गेलो. तात्या म्हणाले, "मी तर नारळ फोडला की. मी कुठं अडवलंय? धाकट्याला इचारा." मग सगळे मिळून धाकट्यांकडं गेलो. ते म्हणाले, "मी तरी कुठं न्हाय म्हनतुय? तात्याला म्हनावं वाटनी करून दे. त्येला हितं ताबा दाखवायचा हुता, तुमी त्येला फ्लेक्स लावून दिलासा." ग्रामपंचायतीत गेलो, तिथं हा खाजगी वाद आहे म्हणाले. आबा परत येताना वाटेत बोलले, "धाकटा आडवनार ह्ये ठाऊक असल्याबिगर मानूस इतक्या झटक्यात व्हय म्हनत न्हाय." मला इतका संताप आला की रस्त्यावरच रडू फुटलं. ज्या टमरेलांवर आम्ही फुशारकी मारत होतो, त्यांच्या जोरावर तात्यांनी त्या कोपऱ्यावर ताबा दाखवायचं आपलं काम करून घेतलं होतं.

आणि मग ऊस तुटला. कारखाना सुरू झाला, तोडणीची टोळी आली, आणि आमचा सगळा आडोसा ट्रॉल्यांत भरून निघून गेला. चाळीच्या दारातून पार कालव्यापर्यंत उघडं रान दिसायला लागलं. आता उजाडायच्या आत जाऊन यायचं, नाहीतर दिवस मावळेपर्यंत कळ काढायची. तोडलेल्या उसाची खोडकं जमिनीतून वर आलेली असतात, धारदार. एका पहाटे सुनेचा पाय त्यांच्यावर पडला आणि ती कोसळली. पोटाला लागलं नाही, देवाची कृपा. पाऊल मात्र फाटलं. डॉक्टरांनी टाके घातले आणि माझ्याकडं बघून विचारलं, सातव्या महिन्यात ही रानात कशाला गेली होती?

दुसऱ्या दिवशी विहीणबाई जीप घेऊन आल्या. लेकीचे कपडे स्वतः भरले. माझ्या शब्दाची त्यांनी आठवणही काढली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. सून जाताना म्हणाली, "आत्या, झालं की कळवा. मी लगीच येते." ती मनापासून बोलत होती.

मुलगा झाला. मी बारशाला जाऊन आले, नातू मांडीवर घेतला, त्याचं कपाळ माझ्या नवऱ्यासारखं. परत आल्यावर ती खोली मला खायला उठली. एके दिवशी कंपनीतून येताना तात्यांनी मोटारसायकल माझ्याजवळ थांबवली. नातवाची चौकशी केली. मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "आमच्या गोठ्याच्या मागं गड्यांसाठी बांधलेला संडास हाय. फरशीचा हाय, दार हाय, लाईट हाय. ही घ्या आनि सुनंला आना. तुमचं येगळं हाय."

किल्ली हातात गरम लागली, त्यांच्या खिशातली. मला नातू दिसत होता. मी ती मुठीत घट्ट धरली. शेवटी विचारलं, "तात्या, बाराबी खोल्यांस्नी देताय का?"

"इतक्या मानसांस्नी कशी दिऊ? बायांनी निस्ती जत्रा भरवायची माज्या गोठ्यात."

मी बेलभंडारा उचलला होता. किल्ली परत दिली. घरी येऊन पोराला सांगितलं, तर तो ताटावरून उठला. म्हणाला, "आई, खंडोबा काय तुझ्या नातवाला हितं आनून दिनार हाय?" त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागला.

पुढच्याच आठवड्यात समोरच्या खोलीतली बाई गोठ्याच्या वाटेनं येताना दिसली. कमरेला किल्ली खोचलेली. मला बघून तिनं पदर पुढं घेतला. मग आणखी एक दिसली. मग त्या पदरही पुढं घेईनात. होळीपर्यंत निम्म्याहून जास्त खोल्यांत किल्ली पोचली होती, आणि आबांनी बोलावलेल्या बैठकीला आबा, मी आणि आणखी दोघं एवढेच बसलो. किल्ली घेतलेल्यांनाही लेकीबाळी होत्या, म्हाताऱ्या सासवा होत्या. मला कळत होतं, तरी मी शिव्या दिल्या, एकेकीला नाव घेऊन दिल्या. आबा शांतपणे म्हणाले, "भंडारा झटकला की जातुय, बाई. कळ झटकता येत न्हाय." त्यानंतर त्यांनी बैठक बोलावली नाही. कॉलनीचं बोलणंही सोडलं.

पोरगा पणदऱ्याला राहायला गेला. तिथून मोटारसायकलवर कामाला यायला लागला. मला चल म्हणाला. व्याह्याच्या दारात कायमचं जाऊन राहायचं असतं तर मी दिराचं घर कशाला सोडलं असतं? मी नाही गेले.

चैत्रात एके सकाळी सून बाळाला घेऊन आली. पोरगा तिला दारात सोडून कामावर गेला, संध्याकाळी न्यायला येतो म्हणाला. ती पहिल्यांदा बाळासकट घरी आली म्हणून मी तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. आत आल्यावर तिनं देवापुढं बाळाला ठेवलं आणि माझ्या पाया पडली. मी तांब्याभर गार पाणी दिलं. तिनं हातात घेतलं आणि बाजूला ठेवलं. चहा ठेवते म्हटलं, तर आत्ताच झाला म्हणाली. ताक केलं होतं, वर जिरेपूड टाकून दिलं. नंतर घेते म्हणाली. शेजारणी बाळ बघायला येत होत्या, जात होत्या. दुपारी पत्रा तापला, खोलीत बसवेना. कलिंगड कापलं. तिनं माझ्या आग्रहाखातर एक फोड उचलली आणि बोलता बोलता तशीच ताटलीत ठेवून दिली. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. बाळ अंगावर ओढत होतं आणि सोडून रडत होतं.

मी चिडले. "आगं, अंगावर पाजतीस तू. उनाचं दिवस हायती. पानी पी की."

"तहान न्हाय आत्या," ती म्हणाली आणि दाराबाहेर बघितलं. बाहेर रान उन्हात उघडं पडलं होतं, नवा ऊस घोट्याएवढा.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्यायलं की जावं लागेल, म्हणून सकाळपासून तिनं घशाखाली पाण्याचा थेंब जाऊ दिला नव्हता. मी उठले, समोरच्या खोलीत गेले, आणि जिला नाव घेऊन शिव्या दिल्या होत्या तिच्यापुढं हात पसरला. म्हणाले, घटकाभर किल्ली दे, माझ्यासाठी नको, बाळंतिणीला दे. ती बाई खाली बघत म्हणाली, "काकी, दिली असती ओ. पर तात्यांनी सांगितलंय, दुसऱ्याच्या हातात दिसली तर काढून घिन. माझ्या घरात बी म्हातारं मानूस हाय."

मी परत आले. बाळाची दुपटी घडी केली, काजळाची डबी, टोपडं, सगळं पिशवीत भरलं, आणि पोराला फोन लावला, सुट्टी घेऊन आत्ताच ये म्हणून. सून म्हणाली, "आत्या, संध्याकाळी जाते की. तुमी एकट्याच."

"नगं," मी म्हणाले. "आत्ताच जा. पणदऱ्याला जाऊन आधी पोटभर पानी पी, आनि मंग त्येला पाज."

ती उठली. राहते म्हणाली नाही.